वरची मूठ

त्यांना सगळे मूठवाले म्हणत. घरात लेक आबा म्हणायची, बायको अहो म्हणायची, आणि खरं नाव सांगायची वेळ आली की ते स्वतःच क्षणभर थांबत. शेतात खत फेकणं हा त्यांचा धंदा. आता हे काम ट्रॅक्टरमागे लावलेली गोल तबकडी करते. दाणे गरगरा उडवत जाते आणि तासाभरात मोकळी होते. पण ज्यांनी मूठवाल्यांना शेतात उतरलेलं पाहिलं आहे, त्यांना ती तबकडी पाहवत नाही.

कमरेला घमेलं टेकलेलं, डावा हात घमेल्याच्या काठाभोवती, आणि उजवा हात मोकळा. एक पाऊल पडलं की मूठ भरायची, दुसरं पडलं की सुटायची. सुटताना बोटं एकदम उघडत नसत. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट उलगडायचं आणि पांढरे दाणे पंख्यासारखे पसरत खाली यायचे. वारा असला तर ते वाऱ्याकडे गाल करून आधी उभे राहायचे, मग हाताचा कोन बदलायचे. शेतात एकही पट्टा फिका राहत नसे. आठवडा गेला की हिरवा रंग असा एकसारखा चढायचा, की बांधावरून जाणारा माणूस थांबून म्हणायचा, मूठवाल्यांचा हात लागलेला दिसतोय.

हा हात त्यांना आईकडून आला. ती धान्य फोकून, मुठीने उधळत पेरायची. लहानपणी ते तिच्या मागे चालायचे, जमिनीवर पडलेल्या तिच्या सावलीबरोबर आपलाही हात हलवायचे. आई म्हणायची, मूठ भरायला कुणालाही येते, कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. हे त्यांनी ऐकलं होतं आणि इतरांना सांगतही असत. पण सांगणं निराळं आणि वागणं निराळं.

पांढरं खत नवीन आलं तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. कुणी म्हणालं, हे मीठ आहे, जमीन जळेल. एकाने दाणा जिभेवर ठेवून पाहिला आणि दिवसभर थुंकत बसला. मूठवाले तेव्हा तरुण होते. घराभोवतीचा भाजीचा तुकडा सोडला तर स्वतःची जमीन नव्हती, म्हणजे जळायचीही भीती नव्हती. उतारावरच्या वरच्या मळ्याचे मालक, ज्यांना सगळे वरचे काका म्हणतात, त्यांना ते म्हणाले, एका कोपऱ्यात टाकून तर बघा. काकांनी कोपरा दिला. थोड्याच दिवसांत त्या कोपऱ्यातला मका बाकीच्या शेताच्या डोक्यावरून बघायला लागला. पी हळद अन् हो गोरी ही म्हण आम्ही थट्टेने वापरत आलो होतो, ती खरी ठरलेली पहिल्यांदा पाहिली.

मग कुणाला धीर राहिला नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी मूठवाल्यांचं नाव. आणि त्यातूनच ती पद्धत पडली, वरच्या मुठीची.

शेत पुरं झालं की मालक बांधावर उभा असायचा. मूठवाले घमेलं झटकायला लागले की तो म्हणायचा, अहो, वरची मूठ राहिली. म्हणजे ठरलेलं टाकून झाल्यावर वर एक मूठ, शेजाऱ्याच्या शेताला लागून असलेल्या बाजूला. दुकानदार मापून झाल्यावर चिमूटभर जास्त घालतो, तसाच हा गोडवा. मूठवालेही हसून टाकायचे. पण शेजाऱ्याच्या बाजूचं पीक जास्त काळंभोर दिसलं की शेजारी कसा गप्प बसेल? पुढच्या खेपेला तो दोन मुठी मागायचा. एक मूठ म्हणता म्हणता अर्धं घमेलं झालं, अर्ध्या घमेल्याचं घमेलं झालं, आणि पुढे पुढे तर वरच्या मुठीसाठी वेगळी गोणीच फोडून ठेवलेली असायची. नाव मात्र वरची मूठच राहिलं. फिकं शेत म्हणजे आळशी मालक, अशी समजूत होऊन बसली होती. पिकाला भूक आहे की नाही हे कुणी विचारत नव्हतं. ताटात वाढलेलं दिसलं पाहिजे, एवढंच.

रिकाम्या गोण्या हा मूठवाल्यांचा हक्क होता. त्या ते खांद्यावर टाकून घरी आणायचे. घर उताराच्या तळाशी, तिन्ही बाजूंनी वर चढत गेलेली शेतं, आणि अंगणाच्या कडेला विहीर. विहिरीच्या कठड्याजवळ भोपळ्याचा वेल होता. गोणी उलटी करून ते त्या वेलाच्या बुडाशी झटकत, मग विहिरीच्याच दगडावर बायको त्या गोण्या धुवायची आणि शिवून त्यांची ताडपत्री करायची. धुतलेलं पाणी फटीतून मुरून जायचं. वेलाची पानं सुपाएवढी झाली होती. बायको शेजारणींना ती हाताने मोजून दाखवायची.

बाकी जे होत होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत होतं. उताराचं पाणी ज्या तळ्यात उतरायचं ते तळं हिरवं पडलं. आधी कडेला, मग मधोमध, मग साय धरल्यासारखं सगळंच. कुणीतरी म्हणालं, तळ्यालाही खत लागू पडलं, आणि आम्ही हसलो. मासे उलटे होऊन काठाला लागले तेव्हा उन्हाळ्याला दोष दिला. बेडूक ओरडेनासे झाले, त्याचं तर कुणाला वाईटही वाटलं नाही, झोप चांगली लागायला लागली. शेतातली ढेकळं हाताने फुटत नव्हती, पायाला खडीसारखी टोचायची. नांगराच्या तासात पूर्वी गांडुळं वळवळायची, त्यांना टिपायला बगळे रांगेने मागे चालायचे. आता बगळे येत, थोडं चालत आणि उडून जात. मका उंच व्हायचा आणि जरा वारा सुटला की आडवा. किडीला तर मेजवानीच, पान जितकं लुसलुशीत तितकी ती खूश. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे वेगळं कारण होतं. सगळ्यांना मिळून एकच कारण असेल, असं कुणाला वाटलं नाही. मूठवाल्यांनाही नाही.

त्यांना एकच लेक. शिवणकाम शिकलेली, लग्न करून शहरात गेलेली. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले थोडेच दिवस घरी. दुकानाच्या माळ्यावर एक खोली, जिना अरुंद, खिडकीतून समोरची भिंत. मुलगी झाली आणि काही दिवसांनी लेकीला तापाने धरलं. ताप गेला, पण जाताना अंगावरचं दूध घेऊन गेला. मूठवाले स्वतः जाऊन दोघींना घेऊन आले.

आणि मग त्यांच्या मनात एक गोष्ट आली, जी त्यांनी आधी बायकोला, मग लेकीला, मग जावयाला हळूहळू सांगितली. लेकीने इथेच राहावं. पुढची खोली तिच्या शिलाई मशीनला द्यावी. जावई ट्रकवरून उतरला की इथेच येईल, त्याला काय, रस्ते सगळीकडे सारखेच. नात इथे वाढेल. लेक लहान होती तेव्हा ते पहाटेचे जायचे ते दिवे लागताना यायचे, तिचं बालपण त्यांनी झोपलेलंच पाहिलं होतं. नातीचं जागं पाहायचं होतं. जावई हो म्हणाला. लेकही म्हणाली, बघू. मूठवाल्यांनी बघूचा अर्थ हो असा घेतला आणि पुढच्या खोलीला चुना दिला. उजेड चांगला यावा म्हणून खिडकी मोठी केली. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं त्याचं हे एकच मागणं होतं.

मशीन आलं. खोलीत त्याचा टकटकाट सुरू झाला. पाळण्यातली चिमुरडी तो आवाज ऐकत झोपायची आणि आवाज थांबला की जागी व्हायची.

बाळाला पावडरचं दूध द्यायचं होतं. गावात फिरणाऱ्या नर्सने सांगितलं होतं, पाणी उकळून घ्या, न उकळलेला थेंबही देऊ नका. आजीने हे फार मनावर घेतलं. विहिरीचं पाणी ती पातेल्यात भरून चुलीवर ठेवायची आणि एक उकळी आली म्हणून उतरवायची नाही. तिचं म्हणणं, थोड्या उकळण्याने थोडी घाण जाते, जास्त उकळण्याने जास्त. पातेलंभर पाणी अर्ध्यावर येईपर्यंत ती तिथून हलायची नाही. तळाला पांढरी पुटं धरायची ती खरवडून लेकीला दाखवायची, बघ, हे सगळं पोरीच्या पोटात गेलं असतं. मग बाळाला जुलाब झाले, तेव्हा तिने पाणी आणखी आटवायला घेतलं. पातेल्याचं वाटीभर करायची. चुलीच्या धगीने तिच्या हाताची लव जळून गेली होती. एवढ्या मायेने केलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाळाच्या ओठांवर निळसर झाक आली ती पहिल्यांदा आजीलाच दिसली. लेकीने शहरातून निळी दुलई आणली होती, बाळ तिचं टोक चोखायचं. आजी म्हणाली, शहरातलं कापड, रंग सोडणारच. दुलई विहिरीवर नेऊन धुतली. पाणी निळं झालं नाही, तरी आजीचं समाधान झालं नाही, पुन्हा धुतली. बाळाचे ओठ ओल्या फडक्याने पुसले. निळेपणा गेला नाही. मग थंडी असेल म्हणून टोपडं घातलं, अंगाला कोमट तेल चोळलं. बाळ रडतही नव्हतं फारसं. शहाणी पोर आहे, असं शेजारीण म्हणाली.

मूठवाले दुपारी शेतावरून आले. हात धुतले, बाळाला मांडीवर घेतलं. बाळाने त्यांचं बोट धरलं आणि त्यांची नजर तिच्या नखांवर गेली. पानाच्या रंगावरून पिकाची तब्येत ओळखणारा माणूस तो. कडा पिवळी म्हणजे काय, शिरा जांभळ्या म्हणजे काय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यांनी अंगठा ओला करून नख चोळलं. रंग नखावर नव्हता, नखाच्या आत होता.

ते उठले आणि चपला न घालता वरच्या मळ्यावर गेले. वरचे काका जेवत होते, तसेच हात धुऊन उठले आणि टेम्पो काढला. काय झालं हे त्यांनी अर्धा रस्ता गेल्यावर विचारलं.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाळाचं रक्त काढलं आणि सुई उजेडात धरली. रक्त लाल नव्हतं, कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. डॉक्टरीणबाईंनी नर्सला काहीतरी आणायला सांगितलं आणि मग पहिलाच प्रश्न विचारला तो पाण्याचा. कुठलं पाणी, कुणाची विहीर, आजूबाजूला काय आहे. बाकीच्यांना ते विचित्र वाटलं. पोर निळी पडलीय आणि बाई विहीर विचारतायत.

औषध आलं ते गडद निळं. आजी घाबरून म्हणाली, आधीच निळी, त्यात आणखी निळं कशाला? डॉक्टरीणबाई कामात होत्या तरी जराशा हसल्या. म्हणाल्या, कधीकधी काट्याने काटा काढावा लागतो. सुईतून ते निळं औषध बाळाच्या अंगात गेलं आणि सगळे तिच्या ओठांकडे बघत बसले. आधी काहीच झालं नाही. मग कानाच्या पाळीला रंग आला. मग गालाला. मग ओठांना. आणि मग ती अशी काही किंचाळली की बाहेरच्या बाकावर बसलेले काका उठून आत आले. इतकं सुंदर रडणं आपण ऐकलं नाही, असं मूठवाले पुढे कितीदा तरी म्हणाले.

नंतर डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून सांगितलं. शेतात टाकलेलं पांढरं खत पीक सगळं खात नाही. उरलेलं पावसाबरोबर मातीतून खाली जातं, विहिरीला मिळतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाचं शरीर ते सोसतं. तान्ह्या बाळाचं रक्त सोसत नाही, श्वास आत जातो पण रक्त तो वाहून नेत नाही. आजीने मध्येच विचारलं, पण मी उकळत होते, बाई. एकदा सोडून चारदा उकळत होते.

"उकळल्यानं जंतू मरतात, आजी. खत मरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी आटतं, खत तेवढंच राहतं. तळाला दिसायचा तो नुसता चुना. नको होतं ते वरच्या पाण्यातच होतं, आणि प्रत्येक उकळीला घट्ट होत होतं."

आजीने आपले दोन्ही हात पदरात घेतले. त्यानंतर बराच वेळ ती बाळाला हात लावेना. लेकीने बाळ तिच्याकडे दिलं तरी घेईना. मूठवाले तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू आटवलंस. विहिरीत भरलं मी."

काही दिवसांनी आरोग्य खात्याचा माणूस घरी आला. कागदाची पट्टी त्याने विहिरीच्या पाण्यात बुडवली. पांढरी पट्टी गुलाबी झाली, मग गर्द होत गेली. डबीवर रंगांच्या चौकटी होत्या, त्यातल्या शेवटच्या चौकटीपेक्षाही पट्टी गडद दिसत होती. मूठवाल्यांनी त्याला एकच विचारलं, आजपासून सगळं थांबवलं तर विहीर कधी स्वच्छ होईल? तो तरुण होता, खोटं बोलायला शिकलेला नव्हता. म्हणाला, जे मातीत उतरलंय ते उतरतच राहणार आजोबा, वर्षानुवर्षं. वरून काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वरच्या मळ्यावर गेले. काका बांधावर होते.

"काय मूठवाले, घमेलं कुठंय? की हात भाड्यानं दिला?"

मूठवाले म्हणाले, या खेपेला अर्धंच टाकू या. वरची मूठ तर कायमची बंद करू. मजुरी नको.

काकांनी पोरीची तब्येत विचारली. बरी आहे म्हटल्यावर म्हणाले, मग झालं तर, देव पावला. मूठवाले म्हणाले, तिच्या अंगात गेलं ते या शेतातलं होतं. काकांनी मक्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हे तो, टेम्पोचं भाडंही घेतलं नव्हतं त्याने.

"मूठवाले, मी याला मीठ समजत होतो," ते म्हणाले. "टाकून तर बघा म्हणून तुम्हीच आलात. आता जमिनीला चटक लागलीय. माती दगड झालीय, आज बंद केलं तर कणीस दाताला लागायचं नाही. चटक कशी सोडवायची तेवढं सांगा, मी आत्ता थांबतो."

देणं मूठवाल्यांना येत होतं, सोडवणं कुणी शिकवलं नव्हतं.

तरी काकांनी त्यांचा शब्द राखला. एका शेतात अर्धं टाकून पाहिलं. शेत फिकं पडलं. काकूंनी बांधावरून पाहिलं आणि म्हणाल्या, याला कावीळ झालीय, दवाखान्यात न्या. लोक हसले. मूठवाले घरोघर फिरले, जमेल तसं बोलले. कुणी ऐकून घेतलं, कुणी चहा दिला, एकाने तोंडावर म्हटलं, अति तिथे माती हे आता सुचलं होय? पुढच्या हंगामाआधी काकांनी ट्रॅक्टरची तबकडी आणली. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडेही मूठवाले गेले नाहीत. गोण्या झटकल्या होत्या तिथला वेल त्यांनी उपटून टाकला, पण त्याने काय होणार होतं? खाली जायचं ते कधीच गेलं होतं.

दवाखान्यातून लेक बाळाला घेऊन याच घरी आली होती. मूठवाले तालुक्याच्या टाकीवरून सायकलला दोन्ही बाजूंना डबे बांधून पाणी आणायचे. चढ लागला की उतरून ढकलायचे. बाळासाठी वेगळा डबा, त्यावर लाल फडकं. घराची घडी पुन्हा बसेल असं वाटत होतं. मशीन चालत होतं, बाळ आता पालथं पडायला लागलं होतं.

पण घरातलं काहीतरी उसवलं होतं. लेक शिवायला बसली तरी लाल फडक्याचा डबा पायाजवळ ठेवायची आणि पाय मारता मारता एक डोळा त्याच्यावर. आई स्वयंपाकघरात गेली की लेकीचं मशीन थांबायचं. आजीलाही ते कळत होतं. एक दिवस दुधाची बाटली धुऊन पालथी घातली होती, आजीने ती पुन्हा एकदा विसळली. वर्षानुवर्षांची सवय, हात कळशीकडेच गेला, आणि कळशीत विहिरीचं पाणी होतं. लेक धावत आली आणि तिने बाटली आईच्या हातातून ओढून घेतली. बाटली बाहेर नेऊन फेकली, नवीन काढली. आजी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत दोघी एकमेकींशी अगदी गोड बोलत होत्या, परक्या बायका बोलतात तशा.

मूठवाल्यांनी हे सगळं दारातून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत आले, मोठ्या केलेल्या खिडकीपाशी बसले आणि लेकीला म्हणाले, तू तुझ्या खोलीवर जा.

मशीन चालूच होतं. "कंटाळलात होय आम्हाला?" लेक हसत म्हणाली.

"हो. मशीनचा आवाज सोसत नाही मला."

लेक आणखी हसली आणि मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मशीन थांबलं. पाळण्यातली जागी झाली.

"आबा, मी लक्ष ठेवीन. आईलाही सांगते नीट."

"लक्ष ठेवून घरात राहता येत नाही, बाळा. तुरुंगात राहता येतं." त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. "चार दिवसांनी ही रांगेल. अंगणात जाईल, ओंजळीनं पिईल. तू कुठे कुठे धावशील? आणि आईच्या हातातून किती बाटल्या ओढशील?"

लेक बराच वेळ कापडाच्या कडेला चुण्या घालत राहिली. मग तिने विचारलं, "पाणी कधी सुधारेल?"

"ही तुझ्याएवढी होईल तेव्हा बघू."

"आणि तुम्ही दोघं?"

"आमच्या रक्ताला सवय झालीय."

तिलाही जायचं होतं, फक्त हे तिला बोलता येत नव्हतं, आणि तिला बोलावं लागू नये म्हणून त्यांनी ते आधी बोलून टाकलं. पुढच्या आठवड्यात जावई ट्रक घेऊन आला. मशीन चढवायला काका आले, पाळणा मूठवाल्यांनी स्वतः चढवला, दोरीने दोनदा बांधला. आजीने बाळाच्या गालाला बोट लावून घेतलं. ट्रक उतारावरून वर चढेपर्यंत सगळे उभे होते.

मूठवाले आता दर काही दिवसांनी शहरात जातात. रिकाम्या हाताने जातात, घरातलं खायचं-प्यायचं काही नेत नाहीत. आजी फारशी जात नाही, जिना चढवत नाही म्हणते. त्या अरुंद जिन्याने ते वर चढतात, उंबऱ्यात बसतात. नात आता चालते, बोलते, नळाखाली हात धरून खिदळते. त्यांना पाहिलं की मात्र आईच्या मागे लपते. त्यांनाच काका म्हणते. आजोबा म्हण, असं लेक सांगते, तर ती नाही म्हणून मान हलवते. ते घाई करत नाहीत. शेतात वारा पडायची वाट बघत उभे राहायचे तसे भिंतीला टेकून बसून राहतात, तिच्याकडे सरळ बघतही नाहीत. मग ती हळूच पुढे येते. आधी त्यांच्या चपलेला हात लावते, मग गुडघ्याला. मग त्यांच्या उजव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उघडते आणि आत काही नाही हे बघून हसते.

तोवर परतीच्या गाडीची वेळ झालेली असते.